शाळेच्या गटासोबत परदेशी गेलेली मुले खरोखर काय पाहतात? (लंडन सहलीच्या निमित्ताने)

माहुलीकर (सातारा)

शाळकरी मुलांना गटाने परदेशी पाठवण्याची पद्धत आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. साताऱ्यातून, कराडमधून, सांगली-मिरजेतूनही उन्हाळ्याच्या सुट्टीत अशा सहली निघू लागल्या आहेत. खर्च मोठा असतो आणि बहुतेक घरांत तो पोटाला चिमटा काढून साठवलेल्या पैशांतून होतो. म्हणूनच त्या सहलीतील दिवस कसे जातात याचा विचार पालकांनी पैसे भरण्याआधी करावा, असे मला मनापासून वाटते आणि त्यासाठी हा धागा काढत आहे.

माझी मुलगी नववीची परीक्षा संपवून मे महिन्यात शाळेच्या गटासोबत लंडनला जाऊन आली. रोज रात्री ती मला दिवसभराचा वृत्तान्त लिहून पाठवीत असे. तो सगळा मजकूर सलग वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते: ज्या दिवशी ठिकाणे अधिक, त्या दिवशी लिहिलेले कमी. पहिल्याच दिवशी वेस्टमिन्स्टरचा घड्याळाचा मनोरा, संसद भवन, बकिंगहॅम राजवाडा, ट्रॅफल्गार चौक आणि टॉवर ब्रिज एवढे सारे बसमधून दाखवण्यात आले, आणि तिचा त्या रात्रीचा निरोप जेमतेम चार ओळींचा होता. त्यातही तिला सर्वांत नवल वाटले होते ते रात्री साडेआठला जेवायला बसल्यावर खिडकीबाहेर अजून उजेड असल्याचे.

टॉवर ऑफ लंडनचीही तीच गत झाली. तेथील मुख्य बुरूज विजेता विल्यम याच्या काळातील, म्हणजे अकराव्या शतकातील आहे, आणि तो किल्ला मनासारखा पाहायचा तर अख्खा दिवस हवा. गट तेथे दुपारी उशिरा पोहोचला आणि बहुतेक वेळ राजमुकुटांच्या रांगेत गेला. मुकुटांच्या पेट्यांसमोरून सरकत्या पट्ट्यावर उभे राहून पुढे जायचे असते आणि छायाचित्र काढायला मनाई असते. कोहिनूर ज्या मुकुटात जडवलेला आहे, तो १९३७ सालचा मुकुट समोर आला आणि नीट निरखण्याआधीच मागे गेला, असे तिने लिहिले आहे. किल्ल्यात पाळलेले डोमकावळे मात्र तिने मनसोक्त पाहिले, कारण ते बाहेर हिरवळीवर होते आणि त्यांच्यासाठी रांग नव्हती.

याच्या उलट ग्रिनिचच्या दिवसाबद्दल तिने पानेच्या पाने लिहिली. तो मजकूर तिने स्वतःच येथे द्यावा, असे मी तिला सांगितले आहे.

माझे म्हणणे असे आहे की, या वयाच्या मुलांच्या सहलीत निदान काही दिवस तरी एकाच ठिकाणासाठी राखून ठेवावेत, आणि त्या ठिकाणी जाताना मुलांच्या मनात घरून नेलेला एखादा प्रश्न असावा. आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै २०२४ मध्ये वाघनखे प्रदर्शनासाठी आली, तेव्हा आपण सर्वांनी मुलांना नेऊन ती दाखवली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी उसनी दिलेली आहेत. साताऱ्याच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) असलेल्या ग्रँट डफ याच्याकडून ती त्याच्या घराण्याकडे आणि तेथून संग्रहालयाकडे गेली. महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. आता साताऱ्याचे मूल त्या संग्रहालयाच्या दारात उभे राहील, तेव्हा ‘एखादी वस्तू येथे कशी आली आणि ती तीच आहे हे कशावरून ठरवायचे’ हा प्रश्न त्याच्याजवळ आधीपासूनच असतो. असा प्रश्न जवळ असलेले मूल दालनातून नुसते चालत सुटत नाही, ते पाटी वाचायला थांबते.

पुढील वर्षीच्या गटातील पालकांची बैठक लवकरच आहे. आयोजकांकडे नेमके काय मागावे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

घाटवाट (कराड)

माहुलीकर ताई, मी बरीच वर्षे सहलींचा व्यवस्थापक म्हणून गटांसोबत जात आलो आहे, त्यामुळे हा दिवस आतून कसा खर्ची पडतो ते सांगतो. पालकांना वाटते की वेळ प्रेक्षणीय स्थळांमध्ये जातो. प्रत्यक्षात तो बसमध्ये आणि जेवणात जातो. मध्य लंडनमध्ये मोठी बस हवी तेथे थांबवता येत नाही, उभी करून ठेवणे तर फारच अवघड. चालकाने सलग साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तासाची विश्रांती घेणे कायद्याने बंधनकारक आहे, दिवसभरातील एकूण चालवण्याच्या तासांवरही मर्यादा आहे आणि आठवड्याची सुट्टी वेगळी. हे नियम चांगले आहेत, परंतु कार्यक्रम आखताना त्यांचा हिशेब धरला नाही, तर कात्री लागते ती संग्रहालयाच्या वेळेला.

दुसरे कारण जेवण. दोन्ही वेळा भारतीय जेवण मिळेल, असे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेले असते, कारण पालक पहिला प्रश्न तोच विचारतात. गटाला परवडणारी भारतीय भोजनगृहे बहुधा वेम्बली किंवा साउथहॉलकडे असतात. दुपारच्या जेवणासाठी मध्य लंडनमधून तिकडे जाऊन परत यायचे म्हणजे वाहतुकीत दुपारच संपते. मी पालकांना नेहमी विनवतो की, रात्रीचे जेवण भारतीय असू द्या, पण दुपारी मुलांना शिदोरी द्या आणि बागेत बसून खाऊ द्या. एवढ्या एका बदलाने मुलांना दर दिवशी दोन-अडीच तास अधिक मिळतात, आणि त्यासाठी आयोजकाला एक रुपयाही जास्त द्यावा लागत नाही.

ध्रुवतारा (माहुलीकर यांची मुलगी)

नमस्कार. आईने सांगितल्याप्रमाणे ग्रिनिचविषयी लिहिते. त्या दिवशी आमच्या बसचालकांची साप्ताहिक सुट्टी होती. त्यामुळे आम्ही वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून बोटीने गेलो आणि संध्याकाळपर्यंत तेथेच राहिलो. दुपारचे जेवण सरांनी सकाळीच प्रत्येकाच्या पाठपिशवीत दिले होते.

वेधशाळा टेकडीवर आहे. ती १६७५ साली स्थापन झाली. तिच्या गच्चीवरील एका खांबावर लाल रंगाचा मोठा गोळा आहे. दुपारी एक वाजायला पाच मिनिटे असताना तो अर्ध्यापर्यंत चढतो, दोन मिनिटे असताना टोकाला जातो आणि बरोबर एक वाजता खाली घसरतो. १८३३ पासून हे चालू आहे, कारण पूर्वी टेम्स नदीतील जहाजांना आपली घड्याळे लावून घेण्यासाठी दुरून दिसेल अशी खूण हवी होती. बारा वाजता न पाडता एक वाजता का पाडतात, असे मी तेथील मार्गदर्शकांना विचारले. मध्यान्हीच्या वेळी सूर्याचा वेध घेण्यात खगोलशास्त्रज्ञ गुंतलेले असत, म्हणून एकची वेळ ठरली, असे त्यांनी सांगितले. गोळा पडला तेव्हा मी आईला निरोप पाठवला. साताऱ्यात त्या वेळी संध्याकाळचे साडेपाच वाजले होते.

अंगणात शून्य रेखावृत्ताची धातूची पट्टी बसवलेली आहे. सगळे जण तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून छायाचित्र काढतात. आम्हीही काढले. मग मी मोबाइलमधील रेखांश पाहिला, तर तेथे शून्य दिसेना. शून्य अंश, शून्य मिनिटे आणि सुमारे पाच सेकंद पश्चिम असे दिसत होते. मला वाटले, आपल्या मोबाइलमध्येच बिघाड असावा. मैत्रिणींच्या मोबाइलवर पाहिले, तर तेथेही तेच. सरांनी आम्हाला उत्तर न सांगता शून्य जेथे दिसेल तेथपर्यंत चालून पाहा, असे सांगितले. आम्ही फाटकाबाहेर येऊन बागेत पूर्वेकडे चालू लागलो. आकडा पुढे-मागे हलत होता, त्यामुळे प्रत्येक जण थोड्या वेगळ्या जागी थांबला. आम्ही सगळ्यांच्या जागांच्या मध्ये एक पाठपिशवी ठेवली आणि तेथून परत पट्टीच्या रेषेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. ते सुमारे शंभर मीटर भरले. तेथे पाटी वगैरे काही नव्हती. गवत होते आणि माणसे आपापली कुत्री फिरवीत होती.

नंतर आम्ही, जहाजांना समुद्रावर रेखांश कळावा म्हणून हॅरिसन या घड्याळजींनी बनवलेली घड्याळे पाहिली. पहिली तीन मोठी आहेत आणि ती चालू आहेत. त्यांचे दोन जोडलेले तोलभार एकमेकांच्या उलट दिशेने हलतात, त्यामुळे जहाज हलले तरी घड्याळाची चाल बिघडू नये, अशी योजना होती. चौथे घड्याळ १७५९ मध्ये पूर्ण झाले. ते खिशातल्या घड्याळासारखे पण तळहाताहून मोठे आहे आणि ते बंद ठेवलेले आहे, कारण चालवले तर तेल घालावे लागेल आणि आतील भागांची झीज होईल. समुद्रावर रेखांश शोधण्याचे काम शेवटी ज्या घड्याळाने साधले, तेच जपण्यासाठी थांबवून ठेवले आहे, ही गोष्ट मी वहीत लिहून ठेवली आहे.

परत येताना आम्ही टेम्सच्या खालून चालत गेलो. १९०२ साली बांधलेला पादचारी बोगदा आहे, पांढऱ्या फरश्यांचा. पलीकडच्या स्थानकावर जी गाडी मिळाली तिला चालकाची खोलीच नव्हती. सगळ्यांत पुढच्या काचेजवळ बसायला मिळावे म्हणून आम्ही एक गाडी सोडून दिली.

कृष्णातीर (सांगली)

बाळ, तू केलेले मोजमाप अगदी बरोबर आहे आणि तुझ्या सरांचे मला मनापासून कौतुक वाटते. मी भूगोल शिकवतो, म्हणून त्या शंभर मीटरांचे कारण येथे लिहितो. अंगणातील रेषा खगोलशास्त्रज्ञ एअरी यांच्या १८५१ पासून वापरात असलेल्या दुर्बिणीवरून ठरलेली आहे. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या परिषदेत तीच जगाची शून्य रेषा म्हणून स्वीकारण्यात आली. ती दुर्बीण सरळ उभी आहे की नाही, हे पाऱ्याच्या पृष्ठभागावरून, म्हणजेच त्या जागच्या गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ठरवले जात असे. पृथ्वीच्या पोटात सर्वत्र सारखे वस्तुमान नसल्यामुळे ही दिशा ठिकठिकाणी किंचित ढळलेली असते. उपग्रहांवर आधारलेली आजची पद्धत पृथ्वीच्या वस्तुमानाचे केंद्र धरून मोजते, त्यामुळे तिची शून्य रेषा जुन्या रेषेच्या पूर्वेला सुमारे १०२ मीटरांवर पडते. लंडनच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद म्हणजे १९ मीटरांच्या आसपास होतो. तुझ्या पाच सेकंदांना त्याने गुणून पाहा.

आता घरचा एक हिशेब. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणून ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे. उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, म्हणून तुला साडेचार तासांचाच फरक मिळाला. सातारा सुमारे ७४ अंशांवर आहे, तेव्हा साताऱ्याचा सूर्य आपल्या घड्याळाच्या जवळजवळ ३४ मिनिटे मागे चालतो. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो आणि मुले ते पाठ करतात. ग्रिनिचच्या गवतावर पाठपिशवी ठेवून आलेल्या मुलीला ते पाठ करावे लागणार नाही.

माहुलीकर ताईंच्या घरून नेलेल्या प्रश्नाच्या मुद्द्याला मी एक भर घालतो. सांगली-मिरजेच्या बहुतेक शाळांची सहल एकदा तरी विजापूरला जातेच, आणि गोल घुमटाखाली उभे राहून आवाज दिला नाही असे मूल विरळा. लंडनमध्ये सेंट पॉलचा घुमट आहे. १६६६ च्या आगीत जुने चर्च जळाल्यावर वास्तुविशारद रेन यांनी नवे बांधले आणि ते १७१० च्या सुमारास पुरे झाले, म्हणजे दोन्ही घुमटांत साधारण अर्ध्या शतकाचे अंतर आहे. मुलांना एवढेच विचारावे की, दोन्ही घुमट कशावर तोलले आहेत? विजापूरला एकमेकांना छेदणाऱ्या कमानी वरचा भार झेलून भिंतींवर उतरवतात आणि आत मधोमध एकही खांब नाही. सेंट पॉलला बाहेरून दिसणारा घुमट आणि आतून दिसणारा घुमट हे दोन वेगळे आहेत, आणि त्यांच्यामध्ये विटांचा एक शंकू लपलेला आहे, ज्यावर माथ्यावरचा जड दगडी मनोरा उभा आहे. हे ठाऊक असलेले मूल तेथे मान वर करून बराच वेळ उभे राहील, कारण जे दिसत नाही तेच त्याला शोधायचे असेल.

टेम्सकाठ (लंडन, मूळचा वाईचा)

धागा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. येथे आपल्याकडचे गट वरचेवर दिसतात. मुले दमलेली असतात आणि त्यांच्या हातात पुढच्या ठिकाणाचे तिकीट असते. साताऱ्याच्या मुलांनी येथे पाहावे असे काही प्रवासी कंपन्यांच्या यादीत नसते, म्हणून सांगतो.

लेडनहॉल स्ट्रीटवर लॉइड्स या विमा-बाजाराची इमारत आहे. तिचे नळ, जिने आणि उद्वाहक सगळे बाहेरच्या अंगाला काढलेले आहेत, त्यामुळे मुलांना ती एरवीही आवडते. १९८६ साली पुरी झालेली ही इमारत ज्या जागेवर उभी आहे, तेथे पूर्वी ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य कार्यालय होते. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवले, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते याच शहरात आले आणि सुमारे १४ वर्षे येथे राहून लढत राहिले. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, पुढच्याच वर्षी कंपनीने सातारचे राज्य खालसा केले, तरीही हा माणूस १८५३ पर्यंत येथून हलला नाही. कार्यालय १८६० च्या दशकात पाडले गेले. कंपनीची दप्तरे मात्र शिल्लक आहेत आणि ती सेंट पँक्रासजवळच्या ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत. साताऱ्यात चार भिंतींच्या स्मारकापाशी फिरायला जाणाऱ्या मुलांना लेडनहॉल स्ट्रीटवर अर्धा तास उभे करा आणि एवढी हकीकत सांगा. तेथे प्रवेशशुल्क नाही, रांगही नाही.

दुसरी जागा म्हणजे १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेऊन तेथे स्मारक केले. जाण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा विचारून घ्याव्यात, कारण ते निवासी वस्तीत आहे आणि मोठ्या गटाने शांतपणे, थोडे थोडे करून आत जावे लागते. साताऱ्याशी असलेला धागा आपणा सर्वांना ठाऊक आहेच. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले, तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल, आणि तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलांनी आपल्या शाळेच्या वाटेवर पाहिलेल्या त्या शाळेपासून या घरापर्यंतचे अंतर एका विद्यार्थ्याने कसे कापले, हे त्या घराच्या अरुंद जिन्यावर उभे राहिल्यावर जसे लक्षात येते तसे भाषणातून येत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या मध्यभागी असलेली गोल वाचनशाळा बहुतेक गट ओलांडून जातात. बाबासाहेब तेथे वाचायला बसत, हे मुलांना आधी सांगून ठेवावे.

निरांजन (सांगली)

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. पंधरा वर्षांचे मूल आयुष्यात प्रथमच परदेशी जाते, तेव्हा त्याला ते शहर त्या शहराच्या रूपात पाहू द्यावे. लंडनला जाऊनही प्रत्येक चौकात सातारा आणि विजापूर शोधायला लावले, तर मूल प्रवास कधी करणार? माझा पुतण्या गेल्या वर्षी अशाच गटासोबत गेला होता. त्याला सर्वांत आवडली ती भुयारी रेल्वे, तेथील फलाटांची रंगीत नकाशापाटी आणि सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहून डावी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी सोडण्याची शिस्त. ही रेल्वे १८६३ पासून चालू आहे, असे तो घरी येऊन सांगत होता. त्याला हे कोणी गृहपाठ म्हणून दिलेले नव्हते. मुलांच्या डोक्यावर आपल्या अस्मितेचे गाठोडे देऊन त्यांना विमानात बसवू नये, असे मला कळकळीने वाटते.

माहुलीकर (सातारा)

निरांजन दादा, आपली काळजी रास्त आहे. प्रश्न मुलांवर लादलेला असेल, तर तो ओझेच होईल आणि परतल्यावर निबंध लिहून घेतला, तर त्याहून वाईट. तथापि आपल्या पुतण्याने फलाटावरचा नकाशा न्याहाळला, कारण गाडीची वाट पाहताना त्याला फलाटावर थांबायला वेळ मिळाला. माझा आग्रह मुख्यतः त्या वेळेसाठी आहे. वेळ मिळाला की काही मुले स्वतःचा प्रश्न शोधून काढतील आणि काहींना घरच्या प्रश्नाचा आधार होईल. वेळच नसेल, तर दोन्ही प्रकारच्या मुलांच्या हाती छायाचित्रांपलीकडे काही लागत नाही.

ध्रुवतारा

निरांजन काका, मला दोन्ही आवडले. नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये मी घरून कोणताही प्रश्न नेला नव्हता. आत शिरल्याबरोबर छतापासून लटकलेला निळ्या देवमाशाचा २५ मीटर लांबीचा सांगाडा दिसतो. तो सूर मारत असल्यासारखा टांगलेला आहे, त्यामुळे त्याचे उघडे जबडे बरोबर आपल्या दिशेने येतात. तो मासा १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर येऊन अडकला होता. मी जिन्यावर बसून त्याच्या परांतील हाडे पाहत राहिले आणि तेव्हा मला समजले की ते पर नसून हात आहेत, कारण त्यांत बोटांची हाडे स्पष्ट मोजता येतात. यात साताऱ्याचा काहीच संबंध नव्हता.

ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र रोझेटा शिळेभोवती (एकच मजकूर तीन लिपींत कोरलेली इजिप्तची ही शिळा, तिच्यावरून तेथील चित्रलिपी वाचता आली) एवढी गर्दी होती की मला तिचा फक्त वरचा मोडका कोपरा दिसला. आमच्या मॅडमनी आम्हाला तेथून पहिल्या क्रमांकाच्या दालनात नेले. तेथे त्याच शिळेची हुबेहूब प्रतिकृती उघड्यावर ठेवलेली आहे, तिला हात लावता येतो आणि आम्ही गेलो तेव्हा तेथे फारसे कोणीच नव्हते. वर चित्रलिपीच्या १४ ओळी, मध्ये डेमोटिक लिपीच्या ३२ आणि खाली ग्रीकच्या ५४. चित्रलिपीचा भाग सर्वांत जास्त तुटलेला आहे, आणि वाचायचा होता नेमका तोच. ग्रीक अक्षरांवरून बोट फिरवले, तर ती इतकी बारीक आणि दाटीने कोरलेली आहेत की एक ओळ संपून दुसरी कोठे सुरू होते ते बोटाला कळत नाही. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी आधी प्रतिकृती पाहावी आणि मग खऱ्या शिळेकडे जावे.

आमराई (विटा)

माझा मुलगा पुढच्या गटात आहे. चर्चा फार उपयोगी आहे, पण मला दोन साध्या शंका आहेत. खाण्याचे काय द्यावे, आणि मुलांना शहरात फिरण्यासाठी रोख पैसे द्यावेत का? शिवाय दुपारी शिदोरी म्हणजे थंड सँडविच असेल, तर माझा मुलगा खाणार नाही.

घाटवाट (कराड)

आमराई ताई, साताऱ्याचे कंदी पेढे मोह झाला तरी देऊ नका. ब्रिटनमध्ये भारतातून दूध आणि मांस यांचे पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतले जातात. सांगलीचे भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तेलावर केलेल्या दशम्या हे सगळे उत्तम टिकते. दशमी मात्र दुधात भिजवलेली नसावी. दुपारच्या शिदोरीत सँडविचच्या जोडीला भडंग असले, तर कोणतेही मूल उपाशी राहत नाही, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

रोख रक्कम फार देऊ नका. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत, बस आणि भुयारी रेल्वे कार्डावर चालते. ११ ते १५ वर्षांच्या पाहुण्या मुलांसाठी भुयारी रेल्वेच्या स्थानकावर ऑयस्टर कार्डावर (लंडनचे प्रवासकार्ड) निम्म्या भाड्याची सवलत नोंदवून मिळते, तेथील कर्मचाऱ्याला सांगावे लागते. आयोजकाने ही नोंद पहिल्याच दिवशी करून घेतली, तर बसशिवायचा दिवस गटाला मुळीच महाग पडत नाही. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम या तिन्ही ठिकाणी कायमस्वरूपी दालनांना प्रवेश विनामूल्य आहे, तरीही शाळेच्या गटाने वेळ आधी आरक्षित करावी.

माहुलीकर (सातारा)

काल पालकांची बैठक झाली. या धाग्यातील मुद्दे मी तेथे वाचून दाखवले. काही पालकांचा आक्षेप होता की पैसे तेवढेच आणि ठिकाणे कमी, हे कसे चालेल. तेव्हा एका आजोबांनी विचारले की, यादीतील किती ठिकाणी मुले बसमधून खाली उतरणार आहेत? आयोजकांच्या प्रतिनिधीने प्रामाणिकपणे यादी वाचून दाखवली आणि उतरण्याची ठिकाणे निम्म्याहून कमी निघाली. त्यानंतर विरोध उरला नाही.

ठरले ते असे. पहिल्या दिवशीची बसमधील शहरफेरी तशीच राहील, कारण लहानपणापासून चित्रांत पाहिलेले सगळे एकदा डोळ्यांखालून घालण्याची मुलांनाही उत्सुकता असते. टॉवर ऑफ लंडनला सकाळी दार उघडताच जायचे, आधी मुकुट पाहून घ्यायचे आणि मग बाकीचा किल्ला. लॉइड्सची इमारत तेथून चालत जाण्याजोगी असल्याने दुपारी लेडनहॉल स्ट्रीट. ब्रिटिश म्युझियमच्या दिवशी दुसरे काहीही नाही. किंग हेन्रीज रोडच्या स्मारकाला गटाचे दोन भाग करून जायचे. दुपारी शिदोरी, रात्री भारतीय जेवण. ग्रिनिचचा दिवस चालकाच्या सुट्टीच्या दिवशीच ठेवायचा, म्हणजे बस परत बोलावण्याची घाई होणार नाही. जाताना बोट, येताना बोगदा आणि बिनचालकाची गाडी.

सेंट पॉलविषयी मात्र निर्णय व्हायचा आहे, कारण तेथे प्रवेशशुल्क आहे आणि ते मूळ खर्चात धरलेले नाही. कृष्णातीर सर, आपण त्या दोन घुमटांची आकृती काढून येथे दिलीत, तर पुढच्या बैठकीत ती मी पालकांसमोर ठेवीन.

कृष्णातीर (सांगली)

रविवारी काढून देतो. विजापूरचा छेद आणि सेंट पॉलचा छेद एकाच प्रमाणात, एका कागदावर.